पानगळीचे रान : रेघ आणि रंग यांचा वाद

पानगळीचे रान हा दृक्प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट) चित्रकारांचा आवडता विषय आहे. त्या दिवसांत झाडाचा रंग आठवड्यागणिक बदलतो, ऊन तिरपे येते आणि विरळ झालेल्या फांद्यांतून आकाश दिसू लागते. वस्तूपेक्षा तिच्यावर पडलेल्या उजेडाकडे पाहणाऱ्या पद्धतीला आणखी काय हवे? क्लोद मोनेने 1873 मध्ये पॅरिसजवळच्या आर्जांतई गावाचे शरदातले चित्र रंगवले, ते सेन नदीच्या एका फाट्यात उभ्या केलेल्या होडीत बसून. त्या होडीलाच त्याने स्टुडिओ केले होते. चित्रात दोन्ही बाजूंना नारिंगी झाडे, मधून निळे पाणी आणि लांबवर गाव आहे. सुटे असे एकही पान काढलेले नाही. हे चित्र आज लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे.

पेण-रोह्याकडे हा विषय वेगळ्या महिन्यांत येतो. या पट्ट्यातले रान बव्हंशी आर्द्र पानझडी आहे. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नंतरचे सात-आठ महिने कोरडे जातात आणि पाने गळतात ती पौषाच्या अखेरीपासून फाल्गुनापर्यंत. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्यामधली सुकेळी खिंड, रोह्याहून मुरूडकडे जाणारा फणसाडलगतचा रस्ता आणि पेणच्या पूर्वेकडचे गागोदे-खोपोली बाजूचे डोंगर, एवढ्या ठिकाणी ती जवळून पाहता येते.

हे रान मोनेच्या पद्धतीने रंगवावे का, यावर वाद घालायला पेणइतके योग्य गाव नाही. गणेशमूर्तींच्या या गावात रंग आणि रेघ यांवर पोट असलेली माणसे गल्लोगल्ली आहेत. डोळ्यांची आखणी करण्यात हयात गेलेला मूर्तिकार रेघेच्या बाजूने उभा राहील, शाळेतला चित्रकला-शिक्षक रंगाच्या. पुढील संवादातले दोघे असे प्रातिनिधिक आहेत. समोर सुकेळीच्या रानाचे तैलरंगातले एक छोटे चित्र आहे, असे समजावे.

मूर्तिकार : सर, चित्र छान आहे, पण हे पुरं कधी करणार?

शिक्षक : पुरं झालंय, काका.

मूर्तिकार : पुरं? इथे नुसते फटकारे आहेत. हे झाड साग आहे की ऐन? खोड कुठे संपतं, फांदी कुठे फुटते, काही कळत नाही. आमच्याकडे अशी मूर्ती कारखान्याबाहेर पडली तर गिऱ्हाईक परत घेऊन येईल.

हा आक्षेप दृक्प्रत्ययवादाइतकाच जुना आहे. 15 एप्रिल 1874 रोजी पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत सुमारे तीस चित्रकारांनी सरकारमान्य सालों प्रदर्शनापासून वेगळे होऊन स्वतःचे प्रदर्शन मांडले. त्यात मोनेचे ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाचे चित्र होते. ‘ल शारिव्हारी’ या विनोदी पत्रात लुई लरवा या टीकाकाराने त्याची टर उडवली. भिंतीला चिकटवायचा कच्चा कागदसुद्धा याहून पुरा असतो, अशा अर्थाचे त्याने लिहिले आणि चित्राच्या शीर्षकातला ‘इंप्रेशन’ हा शब्द उचलून सगळ्या गटाला चिकटवला. गटाने तो पुढे स्वतःच वापरायला घेतला. 1886 पर्यंत त्यांची आठ प्रदर्शने झाली. म्हणून मूर्तिकाराचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्या काळच्या पॅरिसमधल्या अनेक जाणकारांचे तेच म्हणणे होते.

शिक्षक : काका, तुम्ही चित्र एक वितीवरून बघताय. जरा सहा पावलं मागे या. आता?

मूर्तिकार : आता उजेड दिसतो. झाड अजून दिसत नाही.

शिक्षक : सकाळी आठ वाजता खिंडीत उभं राहिल्यावर समोरच्या उतारावर मलाही आधी उजेडच दिसला. साग आहे हे नंतर ध्यानात आलं. जे आधी दिसलं ते मी आधी लावलं.

मूर्तिकार : म्हणजे डोळ्याला दिसेल तेवढंच काढायचं, डोक्याला माहीत आहे ते सोडून द्यायचं? गणपतीचं सुपाएवढं कानाचं पाळं पुढून अर्धंच दिसतं, तरी मला ते पुरतं ठाऊक असावं लागतं. नाहीतर वळण चुकतं.

शिक्षक : ते तुम्ही घडवताय. मी घडवत नाही, बघतोय.

वादाची मूळ गाठ इथे आहे. मूर्ती चारही बाजूंनी असते. तिला सकाळ-संध्याकाळ नसते. निसर्गचित्र एका जागेवरून, एका वेळी घडते. दृक्प्रत्ययवाद्यांनी ही वेळेची अट कडकपणे पाळली. उजेड बदलला की कॅनव्हास बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा, अशा रीतीने मोनेने 1890-91 मध्ये गवताच्या गंजींची आणि 1891 मध्ये एप्त नदीकाठच्या पॉपलर झाडांची मालिका रंगवली. ती पॉपलर झाडे लाकडासाठी लिलावात निघाली होती. चित्रे पुरी होईपर्यंत ती तोडू नयेत म्हणून मोनेने लाकूड-व्यापाऱ्याला पैसे मोजले.

उघड्यावर बसून तैलरंगात काम करणे शक्य झाले त्यामागे एक साधे यंत्रकाम आहे. पूर्वी रंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. ती फुटे, रंग वाळे. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 मध्ये दाबता येणाऱ्या कथलाच्या नळीचे पेटंट घेतले आणि रंगपेटी खांद्याला लावून रानात जाता येऊ लागले. रंगही नवे आले. कोबाल्ट निळा 1802 चा. कृत्रिम अल्ट्रामरीन 1820 च्या दशकातला. तो येईपर्यंत तोच निळा अफगाणिस्तानच्या लाजवर्द दगडातून काढावा लागे आणि सोन्याच्या भावाने विकला जाई. व्हिरिडियन हा थंड हिरवा 1859 मध्ये पेटंट झाला. शरदातली नारिंगी झाडे आणि त्यांखालची निळी सावली कारखान्यातून आलेल्या या नळ्यांवाचून इतकी झळकली नसती.

मूर्तिकार : निळ्या सावलीचं तेवढं सांगा. माझ्या नातवाने झाडाखाली जांभळा रंग फासला तर तुम्ही त्याला शाबासकी देता. सावली काळी असते.

शिक्षक : काळी कुठे असते? फेब्रुवारीत सकाळी वाळक्या गवतावर पडलेली सावली बघा. गवत पिवळं, ऊन पिवळं. सावलीत ऊन पोचत नाही, पण आकाशाचा निळा उजेड पोचतो. म्हणून ती निळसर. त्यात शेजारच्या पिवळ्यामुळे डोळ्याला ती आणखी जांभळट वाटते.

मूर्तिकार : शेजाऱ्यामुळे रंग बदलतो हे मान्य. पितांबराला हिरवा काठ दिला की पिवळा वेगळा दिसतो, तांबडा दिला की वेगळा.

शिक्षक : मग झालं! शेव्हरलने हेच सांगितलं.

मिशेल यूजेन शेव्हरल हा रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबलँ या गालिचे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगशाळेचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याने धागा तपासला. रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. त्यावरून त्याने रंगांच्या परस्परविरोधाचा सिद्धान्त मांडला आणि 1839 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. नारिंगीशेजारी निळा आणि पिवळ्याशेजारी जांभळा ठेवला की दोन्ही रंग उठतात. चित्रकारांनी हे तत्त्व घेतले, पॅलेटवरचा काळा जवळजवळ काढून टाकला आणि रंग कालवून एकजीव करण्याऐवजी सुट्या फटकाऱ्यांनी शेजारी-शेजारी ठेवले. पेणचे रंगकाम करणारे हे वेगळ्या वाटेने जाणतात. मूर्तीच्या अंगावर स्प्रे गनने शेडिंग देताना सहसा कोणी काळा वापरत नाही. अंगाच्या रंगालाच तांबूस गडद छटा देतात. या मुद्द्यावर मूर्तिकाराला फार वेळ अडून बसता आले नसते, आणि तो बसलाही नाही.

मूर्तिकार : सावली सोडली. पण तुमचं झाड फ्रान्सचं आहे. सुकेळीत नारिंगी पानांची झाडं मी तरी बघितली नाहीत.

ही हरकत खरी जड आहे. चित्राच्या पुस्तकांतून, कॅलेंडरांतून आणि आता मोबाइलच्या पडद्यावरून युरोप-अमेरिकेतल्या शरदाचे लालपिवळे रान इतके अंगवळणी पडले आहे की पानगळ म्हटली की महाराष्ट्रातला हौशी चित्रकारही पॅलेटवर आधी नारिंगी पिळतो. प्रत्यक्षात दोन्ही रानांत काय घडते ते वेगळे आहे.

समशीतोष्ण प्रदेशात दिवस लहान होऊन थंडी पडू लागली की पानातले हरितद्रव्य मोडते. त्याखाली आधीपासून असलेली कॅरोटिनॉइड द्रव्ये उघडी पडतात. पॉपलर आणि बर्च यांचा पिवळा तो हाच. मेपलसारख्या झाडांत याच वेळी पानातल्या साखरेपासून अँथोसायनिन हे लाल द्रव्य नव्याने तयार होते. मग देठाशी पेशींचा एक थर तुटतो आणि पान गळते. कोकणात थंडी हे कारण नाही. ऑक्टोबरनंतर जमिनीतली ओल उतरत जाते आणि पाणी राखण्यासाठी झाड पाने टाकते. सागाची परातीएवढी पाने बहुधा रंगाचा उत्सव न करता करपतात, तपकिरी होतात आणि पडतात. ऐन, शेमट यांची पाने पिवळटून जातात. पडण्याआधी स्पष्ट तांबडा होणारा असा कुंभा आहे, पण त्याने डोंगर लाल होत नाही.

शिक्षक : पण लाल आहे, काका. तुम्ही आठवून बघा. फाल्गुनात कुसुंब कसा दिसतो?

मूर्तिकार : कुसुंबाची पालवी रक्तासारखी. पण ती पालवी! पानगळ नव्हे.

शिक्षक : तेच तर. पिंपळाची तांबूस, मोहाची तांब्यासारखी, कुसुंबाची लालभडक. शिवाय पळस, पांगारा, काटेसावर बिनपानांचे फुललेले असतात. पानगळ आणि पालवी एकाच उतारावर, एकाच महिन्यात.

रानाचा जाणकार इथे एक गोष्ट लक्षात घेईल. कुसुंबाच्या कोवळ्या पानांचा लाल रंग देणारे द्रव्य अँथोसायनिन वर्गातलेच, म्हणजे मेपलच्या गळणाऱ्या पानांत असते त्याच कुळातले आहे. कोवळे पान हरितद्रव्य पुरते तयार होईपर्यंत ते बाळगते. कडक उन्हापासून आणि किडीपासून त्यामुळे बचाव होत असावा असे मानतात. युरोपच्या रानात लाल रंग निघालेल्या पानाचा असतो, कोकणात येणाऱ्या पानाचा. चित्रात दोन्ही लाल ठिपकेच दिसतील, पण त्यांची जागा वेगळी पडते. तिथे लाल रंगाचे ढीगच्या ढीग असतात आणि खाली जमिनीवरही तोच सडा असतो. सुकेळीच्या उतारावर मात्र सगळा पट वाळक्या गवताचा, राखी खोडांचा आणि तपकिरी पाचोळ्याचा असतो. त्यात कुसुंबाचे लाल शेंडे आणि पळसाचे नारिंगी सुटे-सुटे पेटलेले दिसतात. आंबा, जांभूळ आणि करवंदाची जाळी हिरवीच राहते. कांडोळाचे गुळगुळीत फिकट खोड सकाळच्या उन्हात गुलाबीकडे झुकते. नदीकाठी आणखी एक विसंगती आहे : भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेले पाणी कुंडलिकेला ऐन कोरड्या दिवसांतही वाहते ठेवते, त्यामुळे डोंगर उघडे पडले तरी कोलाडजवळचा काठ गर्द राहतो. भिऱ्याचे केंद्र 1927 चे. म्हणजे चित्रात दिसणारा तो हिरवा पट्टा काही अंशी सह्याद्रीमाथ्यावरच्या मुळशी धरणाचा आहे.

मूर्तिकार : मग पॅलेटवर काय घेतलंत ते सांगा.

शिक्षक : यलो ऑकर आणि पांढरा सगळ्यांत जास्त. बर्न्ट सिएना, थोडा अंबर, अल्ट्रामरीन, कोबाल्ट. क्रिमझन अगदी नखाएवढा. आणि नारिंगी शेवटी, पळसापुरता.

मूर्तिकार : हे बरोबर वाटतं. मघाशी बघितलं तेव्हा मला तो नारिंगी पानांचा वाटला.

उजेडाचेही गणित वेगळे आहे, आणि दृक्प्रत्ययवाद उजेडाचा म्हटला तर ते टाळून चालणार नाही. पॅरिस सुमारे 49 उत्तर अक्षांशावर आहे, पेण पावणेएकोणीसवर. ऑक्टोबरच्या मध्याला पॅरिसमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 33 अंशांपेक्षा वर जात नाही. पेणला फेब्रुवारीच्या मध्यास दुपारी तो 58 अंशांवर असतो आणि 33 अंशांची उंची पावणेदहाच्या सुमारासच ओलांडतो. आर्जांतईच्या चित्रकाराला जो तिरपा, मऊ उजेड दिवसभर पुरायचा, तो सुकेळीत सकाळी दोन-अडीच तास आणि संध्याकाळी तेवढाच मिळतो. मधल्या वेळात सावल्या आखडतात, रंग पांढुरके होतात आणि निष्पर्ण फांद्यांच्या जाळीखेरीज काही उरत नाही.

शिक्षक : म्हणून तर फटकारे, काका. साडेसातला रंग लावायला घेतला की साडेनऊला उजेड संपतो. पानपान काढत बसलो तर खोड होईपर्यंत सावली सरकलेली असते.

मूर्तिकार : घाई हे कारण झालं, कला नव्हे.

शिक्षक : श्रावणात तुमच्याकडे काय चालतं?

मूर्तिकार : (हसून) ते वेगळं. घाईत आखणी केली तर डोळा तिरका होतो.

मूर्तिकाराचा पुढचा मुद्दा रानातल्या माणसांविषयीचा होता, आणि वादातला तो सर्वांत मोलाचा ठरावा. सुकेळीचे, गागोद्याचे रान कोणी राखून ठेवलेले उद्यान नाही. कोकणातल्या भातशेतीत रोपे टाकायची जमीन आधी भाजतात, तो राब. त्यासाठी ऐन, किंजळ यांच्या पानांसकट डहाळ्या तोडून आणतात. त्या तोडीला कवळ तोडणे म्हणतात. वर्षानुवर्षे कवळ तोडलेला ऐन फांद्या पसरत नाही. सरळ खांबासारखा उभा राहतो आणि त्याला जागोजागी गाठी येतात. फेब्रुवारी-मार्चपासून राबांचा धूर उठतो, कधी वणवाही लागतो आणि डोंगराचा एक पदर काळा पडतो. कातकरी आणि ठाकूर वस्त्यांचे पायवाटांचे जाळे सगळ्या उतारावर असते.

मूर्तिकार : तुमच्या चित्रात ऐन फांद्या पसरून उभा आहे. सुकेळीत असा ऐन दाखवा. कवळ तोडलेलं झाड ओळखायला रेघ लागते, सर. ती गाठ, ते ठेंगणं खोड, मगरीच्या पाठीसारखी साल. रंगाच्या धबडग्यात ते सगळं पुसलं जातं. मग ते रान कुणाचं उरतं?

शिक्षक : धूर मात्र घेतलाय. तो बघा, डावीकडचा निळा पट्टा.

मूर्तिकार : मला ते धुकं वाटलं.

शिक्षकाजवळ याचे पुरते उत्तर नाही. फ्रेंच चित्रकारांनी रेल्वेपूल, कारखान्यांची धुराडी आणि रविवारची गर्दी हौसेने रंगवली. रानातले कष्ट त्यांच्या आधीच्या बार्बिझों गटाने, विशेषतः मिलेने, अधिक पाहिले. पण तसे चित्र रेघेवाचून होत नाही असे नाही. कवळ तोडलेल्या ऐनाचा खांब उभ्या, जाड, राखी फटकाऱ्याने सांगता येतो. पाहणाऱ्याने तो आधी नीट पाहिलेला असला पाहिजे इतकेच. शिक्षकाच्या चित्रातली चूक पद्धतीची नव्हे, निरीक्षणाची आहे.

महाराष्ट्रात आणि मराठी माणसांत ही पद्धत कशी रुजली, हेही या वादात येते. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा 1857 मध्ये सुरू झाली आणि तिथले शिक्षण प्रदीर्घ काळ ब्रिटिश अकादमी वळणाचे, म्हणजे आधी पक्के रेखाटन आणि मग रंग, असे होते. याच शाळेत शिकलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलावाच्या परिसराची जी निसर्गचित्रे केली त्यांत उजेड, हवा आणि सुटा फटकारा ठळक आहे. 1931 मध्ये ते वारले.

मूर्तिकार : आबालाल पॅरिसला गेले होते?

शिक्षक : नाही. तळ्याकाठी बसत.

मूर्तिकार : मग त्यांना फ्रेंच शिक्का कशाला?

शिक्षक : शिक्का नको. पण उजेडामागे लागलेला माणूस कोल्हापुरातही त्याच वळणावर पोचू शकतो, एवढं तरी मान्य करा.

मूर्तिकार : करतो. पण आधी जे. जे.त हात बसलेला होता, हे तुम्ही मान्य करा.

दुसरा धागा इंदूरचा आहे. होळकरांच्या या मराठी वळणाच्या शहरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी 1927 मध्ये कलाशाळा उभी केली. ना. श्री. बेंद्रे, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर हे त्यांचे विद्यार्थी. मकबूल फिदा हुसेनही काही काळ तिथे होते. उघड्यावर जाऊन चपट्या ब्रशने जाड, सुटे रंग लावण्याची रीत या शाळेत रुजली आणि बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत इंदूरची चित्रे वेगळी ओळखू येऊ लागली. मुंबईत 1930 च्या दशकाच्या अखेरीस नात्सींपासून निसटून व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर आले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक म्हणून काम करता करता त्यांनी तरुण चित्रकारांना युरोपातला मोकळा रंग दाखवला, सय्यद हैदर रझा यांच्या सुरुवातीच्या निसर्ग आणि शहरचित्रांवर त्याची खूण आहे. प्र. अ. धोंड यांनी मात्र कोकणचा किनारा जलरंगात, फार थोड्या वॉशमध्ये पकडला. महाराष्ट्रात निसर्गचित्रासाठी जलरंगच अधिक चालला, आणि यामागे परंपरेइतकीच हवाही आहे. पावसाळ्यात ओला वॉश ओला राहतो. माघातल्या कोरड्या वाऱ्यात तोच कागद बघता बघता वाळतो, म्हणून पानगळीला तैलरंग सोयीचा पडतो.

शेवटी प्रश्न रेघेवर येतो. मूर्तिकाराच्या बाजूने भक्कम साक्षीदार खुद्द दृक्प्रत्ययवाद्यांच्या गटातच आहेत. एदगार दगा आठपैकी सात प्रदर्शनांत होता, पण तो रेखाटनाचा कट्टर पुरस्कर्ता होता आणि उघड्यावर ईझल मांडणाऱ्यांची चेष्टा करी. रेन्वार 1881 मध्ये इटलीला गेला, राफाएलची भित्तिचित्रे पाहिली आणि पुढची काही वर्षे ठसठशीत बाह्यरेषेकडे वळला. आर्जांतईच्या चित्रात तर मोनेनेही उजवीकडच्या झाडाच्या ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडे काढले आहेत.

मूर्तिकार : म्हणजे त्यालाही रेघ ओढावीच लागली!

शिक्षक : ओढली, पण पानाच्या कडेने नाही. जाड रंग खरवडून झाडाला हालचाल दिली.

मूर्तिकार : ओरखडा म्हणा, रेघ म्हणा. हात चालला.

शिक्षक : मला एक सांगा काका. घरातल्या नऊ इंची मूर्तीचा डोळा आणि मंडळाच्या बारा फुटी मूर्तीचा डोळा, आखणी एकच असते?

मूर्तिकार : छे! बारा फुटीला बारीक केस काढत बसलो तर मंडपाच्या दारातून ते दिसणारच नाहीत. तिथे पट्टा मारावा लागतो. जवळून बघितलं तर ओबडधोबड वाटेल. पण उतरून लांब जायचं, बघायचं, परत चढायचं.

शिक्षक : मग माझ्या सागाला सहा पावलं मागे जाऊन बघा म्हटलं तर काय चुकलं?

मूर्तिकाराने यावर लगेच उत्तर दिले नाही. बघणारा किती लांब उभा राहणार हे धरून हात चालवायचा, ही गोष्ट पेणच्या कारखान्यांत नवी नाही, आणि पॅरिसच्या समीक्षकांपेक्षा मंडपाची मूर्ती रंगवणाऱ्याला ती लवकर पटायला हवी. तरीही त्याची एक अडचण शिल्लक राहते. लांबून पाहिले तरी मूर्तीचा डोळा डोळाच ठरतो. शिक्षकाच्या चित्रात लांबून उजेड ठरतो, झाड ठरत नाही. या फरकावर तो अडून राहिला, आणि तसे राहणे त्याच्या धंद्याला शोभते. बिनओळखीची मूर्ती कोणी घरी नेत नाही.

रंगवलेले रान टिकते का, हाही प्रश्न आहे. पॅरिसच्या दक्षिणेचे फोंतेनब्लोचे रान चित्रकारांनी इतके रंगवले, आणि तिथल्या जुन्या झाडांच्या तोडीविरुद्ध इतका आग्रह धरला, की 1861 मध्ये त्यातले सुमारे एक हजार हेक्टर रान देखाव्यासाठी राखून ठेवण्याचा सरकारी हुकूम निघाला. इकडे फणसाड अभयारण्य 1986 मध्ये जाहीर झाले. त्याआधी ते जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते. सुकेळीतून जाणारा महामार्ग रुंद करण्याचे काम 2011 मध्ये सुरू झाले आणि कडेची कितीतरी झाडे त्यात गेली.

मूर्तिकार : सर, रंग तुमच्या मर्जीचे लावा. पण बोर्डाच्या मागे तारीख लिहा, वेळ लिहा, आणि झाडांची नावं लिहा. साग, ऐन, कुसुंब, पळस, कांडोळ.

शिक्षक : पुढे लिहायचं ते मागे लिहू म्हणता?

मूर्तिकार : पुढे दिसत नाही, म्हणून मागे. आणि पुढच्या माघात कवळ तोडलेला ऐन काढा. मी येतो बरोबर. सव्वासातची एसटी पकडू.